वाए रेबोचा मुक्काम: फ्लोरेसच्या डोंगरातल्या सात घरांच्या गावात राहायचं तर

बाली बघून झालेल्यांनी पुढच्या वेळी तिथून पूर्वेला फ्लोरेस बेटावर जावं आणि एक रात्र तरी वाए रेबो गावात राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. लिहायला बसले त्याचं कारण म्हणजे मराठीत शोधलं तर या गावाबद्दल नुसते ड्रोनचे फोटो आणि "स्वर्ग" वगैरे कॅप्शन सापडतात, पण झोपायचं कुठे, खायचं काय, चढ किती, पैसे कोणाच्या हातात द्यायचे, व्हेज मिळतं का, हे कोणी धड सांगत नाही. मी नाशिकची, नवरा, नणंद आणि सासूबाई अशी आमची गँग होती, त्यामुळे सगळ्या वयाच्या माणसांच्या नजरेतून सांगता येईल.

आधी पोचायचं कसं ते पटकन. बालीहून लाबुआन बाजोला तासा-सव्वातासाचं विमान. आपल्या पासपोर्टवर इंडोनेशियाचा ऑन अरायव्हल व्हिसा मिळतो, पाच लाख रुपिया, तीस दिवस, ऑनलाइन काढून गेलात तर रांग वाचते. पाच लाख ऐकून दचकू नका, शंभर रुपयांचे साधारण अठरा-एकोणीस हजार रुपिया होतात. लाबुआन बाजो म्हणजे कोमोडो ड्रॅगन बघायच्या बोटी सुटतात ते बंदर, आणि बहुतेक लोक बोट करून तिथूनच परत फिरतात. आपल्याला मात्र गाडी करून बेटाच्या आत जायचं असतं. ट्रान्स फ्लोरेस रस्त्याने लेंबोरपर्यंत, तिथे मैलोनमैल भातशेती, मग दक्षिणेला समुद्राच्या कडेने दिंतोर आणि तिथून वर डेंगे, जिथून पुढे वाए रेबोला पायी चढायचं. पाच-सहा तास धरा, कारण अंतर कमी दिसलं तरी वळणं संपत नाहीत आणि किनाऱ्याचा रस्ता काही ठिकाणी अगदीच खराब आहे. ज्याला गाडी लागते त्याने गोळी घेऊनच बसावं. दिंतोरजवळ समोर समुद्रात मुलेस नावाचं डोंगराएवढं बेट दिसतं, तिथे गाडी थांबवाच.

गाडीबद्दल एक तक्रार आहे. लाबुआन बाजोत ज्याच्याकडून गाडी ठरवली त्याने अर्ध्या रस्त्यात "रस्ता खराब आहे, जास्त द्यावे लागतील" सुरू केलं. रस्ता खराब असतो हे त्याला निघायच्या आधीही माहीत होतं ना. म्हणून भाव ठरवताना डेंगेपर्यंत, ड्रायव्हरचा मुक्काम, त्याचं जेवण आणि परतीचा प्रवास हे सगळं धरून एकच आकडा लिहून घ्या, मेसेजमध्ये असला तरी चालेल. कमी पैशात जायचं असेल तर गावातले लोक लाकडी बाकं टाकलेल्या ट्रकमधून जातात, त्यात माणसं, तांदळाची पोती, कोंबड्या सगळं एकत्र, आणि शेवटच्या टप्प्याला ओजेक म्हणजे मोटरसायकलवाला. तरुण पोरांनी जरूर करावं, सासूबाईंना घेऊन नाही.

डेंगे हे गाडीरस्त्याचं शेवटचं मोठं गाव. तिथे साधे होमस्टे आहेत, आदल्या रात्री तिथे राहून पहाटे चढायला सुरुवात करणं सगळ्यात चांगलं. सासूबाईंचे गुडघे बघता त्या डेंगेलाच थांबल्या, आणि त्यांची तिथे इतकी छान बडदास्त ठेवली त्या घरच्यांनी की भाषा एका शब्दाची येत नसताना त्या मागच्या अंगणात बसून त्या बाईंबरोबर शेंगा सोलत होत्या. तर घरात वयस्कर कोणी असेल तर ट्रिप रद्द करू नका, असं अर्धं अर्धं करता येतं.

चढ. डेंगेहून गाव सगळं मिळून नऊएक किलोमीटर, पण आता पहिल्या टप्प्यापर्यंत मोटरसायकल जाते त्यामुळे पायी दोन ते तीन तास लागतात. वाए लोंबा नावाचा ओढा ओलांडला की खरा चढ सुरू होतो आणि तो पोचो रोको नावाच्या थांब्यापर्यंत सोडत नाही, त्यानंतर सोपं आहे. आपल्या सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याला हा ट्रेक मध्यम वाटेल, कडे नाहीत, दोर नाहीत, नुसता दमट जंगलातला चढ आहे. पण पावसाळ्यात, म्हणजे तिथला नोव्हेंबर ते मार्च, वाट निसरडी होते आणि जळवा भरपूर. गावातलीच मंडळी पाठीवर तीस-तीस किलोची पोती घेऊन स्लिपरवर आपल्या पुढे निघून जातात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे पैशांचा हिशोब लावताना हीच गोष्ट उपयोगी पडते. वर जे काही तुम्ही खाता, तो तांदूळ, ते तेल, तो गॅस किंवा जनरेटरचं डिझेल, सगळं कोणाच्या तरी पाठीवरून आलेलं असतं.

गावात शिरायच्या थोडं आधी एक छोटी झोपडी लागते, तिथे गाईड बांबूचा ठोकळा वाजवतो, पाहुणे आलेत हे खाली कळायला. तिथून धुक्यातून खाली बघितलं की गोल मैदानाभोवती सात घरं दिसतात, जमिनीपर्यंत टेकलेले गवताचे उंच शंकू. आणि इथे कॅमेरा काढायचा नाही! आधी मुख्य घरात जाऊन वडीलधाऱ्यांसमोर बसायचं, ते पूर्वजांना तुमच्याबद्दल सांगतात, पाहुण्यांना सांभाळून घ्या म्हणतात, थोडी दक्षिणा ठेवायची (किती ते गाईड सांगतो) आणि मग तुम्ही गावाचे झालात, हवे तितके फोटो काढा. याला वाए लुउ म्हणतात. आमच्यासोबत आलेल्या दोघातिघांनी वाटेतच व्हिडिओ सुरू केला होता, गाईडने अतिशय नम्रपणे बंद करायला लावला. मला हा नियम मनापासून आवडला. देवळात जाताना चप्पल बाहेर काढतो तितकंच साधं आहे हे, आणि गाव जिवंत राहायचं असेल तर असे नियम पाहिजेतच.

आता मुख्य गोष्ट, घर. या घराला म्बारू नियांग म्हणतात आणि राहण्याची व्यवस्था पाहुण्यांसाठी ठेवलेल्या अशाच एका घरात असते. आत शिरायला वाकावं लागतं, आणि आत गेलात की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो कारण खिडक्या जवळजवळ नाहीतच. गोल भिंतीच्या कडेने विणलेल्या चटया, पातळ गाद्या, उशी, जाड ब्लँकेट असं ओळीने मांडलेलं, सगळे पाहुणे एकाच गोलात, पाय मधे डोकं भिंतीकडे. फ्रेंच जोडपं, जकार्ताहून आलेली कॉलेजची पोरं, आम्ही तिघं. प्रायव्हसी हा प्रकार नाही. ज्यांना स्वतंत्र खोली आणि अटॅच्ड बाथरूमशिवाय जमत नाही त्यांनी येऊच नये, नंतर वाईट रिव्ह्यू टाकण्यापेक्षा ते बरं. घोरणारे असतात, इअरप्लग घ्या. थंडी असते, उंची अकराशे-बाराशे मीटर आहे, रात्री स्वेटर आणि पायमोजे लागतातच.

पण त्या घरात पडल्या पडल्या वर बघत राहा. मधला खांब सरळ वर जातो, आणि सगळ्यात मोठं घर जवळपास पंधरा मीटर उंच आहे. लाकूड, बांबू, वेताच्या बांधण्या, कुठे खिळा नाही. वरून ताडाच्या जातीच्या झाडाचा काळा धागा आणि गवत. आत पाच मजले आहेत. खाली माणसं, त्यावर धान्य आणि घरातलं सामान, त्यावर पुढच्या वर्षाचं बियाणं, मग दुष्काळासाठी राखून ठेवलेलं अन्न, आणि सगळ्यात वर पूर्वजांचा नैवेद्य. मला हे बघून फार बरं वाटलं, म्हणजे घर बांधतानाच दुष्काळाचा मजला वेगळा काढून ठेवायचा! आणि चूल घराच्या आतच, तिचा धूर वर जात राहतो आणि त्याने लाकूड-गवत टिकतं, कीड लागत नाही. डोळे चुरचुरतात हे खरं, दम्याचा त्रास असलेल्यांनी नीट विचार करावा. मुख्य घरात आठ कुटुंबं राहतात आणि बाकीच्या घरांत साधारण सहा-सहा. मुख्य घरात ढोल आणि गावाच्या वस्तू असतात, मैदानाच्या मधोमध दगडांचा गोल चौथरा आहे, पूजा तिथे होते. गाव कॅथलिक आहे आणि पूर्वजांची पूजाही करतं, दोन्ही सुखाने चालतं.

आज सात घरं दिसतात म्हणून वाटतं की हे असंच चालत आलंय. तसं नाहीये. २००८ च्या सुमाराला जकार्ताचे आर्किटेक्ट योरी अंतार आणि त्यांचे सोबती तिथे गेले तेव्हा चारच घरं उभी होती. मग बाहेरून पैसे उभे केले पण बांधलं गावानेच, म्हाताऱ्यांनी तरुणांना शिकवत शिकवत, आणि सात पूर्ण झाली. २०१२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमध्ये याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, २०१३ मध्ये आगा खान आर्किटेक्चर पुरस्काराच्या शॉर्टलिस्टमध्ये होतं. आम्हाला जेवण वाढणारा मुलगा सांगत होता की त्याने लहानपणी ते बांधकाम बघितलंय आणि आता गवत बदलायचं काम तो स्वतः करतो. पुरस्कारापेक्षा हे मला जास्त मोठं वाटतं, कारण गवताचं छप्पर दर काही वर्षांनी बदलावंच लागतं, ते करणारे हात गावात नसतील तर पुरस्कार काय कामाचा.

जेवण. भात, अंड्याचं ऑम्लेट किंवा कोंबडी, भोपळ्याच्या जातीच्या एका फिकट हिरव्या फळाची भाजी, पापड, आणि सांबल म्हणजे मिरचीचा ठेचा जो खरंच जहाल असतो. आम्ही गेलो तेव्हा घराघराची स्वयंपाकाची पाळी लावलेली होती. शुद्ध शाकाहारी असाल तर डेंगेलाच गाईडला स्पष्ट सांगा, "मांस नको" एवढं पुरत नाही, अंडं नको, सुकी मासळी नको, हेही सांगा. नणंद शाकाहारी आहे, तिला भात, भाजी, तळलेलं तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) मिळालं, पोट भरलं, पण दर वेळी तेच ते. थेपले, चटणी, लाडू घेऊन जाच. आणि जैन जेवणाची अपेक्षा तिथल्या माणसांवर टाकू नका, वर भाजीपालाच मोजका असतो.

कॉफी मात्र अप्रतिम. गावाचं उत्पन्न कॉफीवर आहे, मैदानात ताडपत्रीवर बिया वाळत असतात, बायका उखळात कुटतात, चुलीवर भाजतात. पोचल्या पोचल्या ग्लास हातात येतो, दाट काळी, साखर आधीच घातलेली, नको असेल तर लवकर बोला. पाकिटं विकायला ठेवतात, लाबुआन बाजोच्या दुकानात घेण्यापेक्षा इथेच घ्या, पैसे सरळ त्या घरात जातात. हातमागाची कापडंही आहेत, महाग वाटतील पण एका कापडाला किती आठवडे जातात ते तिथे बसलेल्या बाईकडे दहा मिनिटं बघितलं तरी कळतं. घासाघीस करू नका प्लीज. मला एकच खटकलं, सकाळी निघताना सगळ्या विक्रेत्या एकदमच येतात आणि थोडी गडबड होते, एका ठिकाणी मांडून ठेवलं तर दोघांनाही सोपं जाईल.

संडास-बाथरूम घराच्या मागे, सामायिक, स्वच्छ होते पण पाणी बर्फासारखं गार. वीज आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळी काही तास जनरेटरवर, तेवढ्यात फोन चार्ज करून घ्यायचे. मोबाईलला रेंज नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे काळजी करत बसणार नाहीत.

मुक्कामाचे आम्ही माणशी सव्वातीन लाख रुपिया दिले, म्हणजे पावणेदोन हजारांच्या आसपास, त्यात दोन-तीन वेळचं जेवण, कॉफी, झोपायची सोय. गाईडचे वेगळे. काही लोक म्हणतात चटईवर झोपायला एवढे कशाला, पण मी वर सांगितलं तसं प्रत्येक किलो पाठीवर चढतो, आणि मुख्य म्हणजे हे पैसे एका मालकाच्या खिशात न जाता गावाच्या संस्थेकडे जमा होतात आणि तिथून वाटले जातात. कोणी पाहुणे पळवापळवी करत नाही, "माझ्या घरी चला, स्वस्तात देतो" म्हणत मागे लागत नाही. पर्यटन असं चालवता येतं हे बघायला तरी जा. एटीएमचं काम लाबुआन बाजो किंवा रुतेंग या शहरांतच उरकून घ्या, पुढे सगळं रोखीने.

आता प्रॉपर्टीचा विषय, कारण परत आल्यापासून ओळखीचे निम्मे लोक तेच विचारतायत. "तिथे जमीन स्वस्त असेल ना, एक प्लॉट घेऊन होमस्टे टाकायचा का?" तर नीट ऐका. इंडोनेशियात १९६० चा जमीन कायदा आहे, त्यानुसार पूर्ण मालकी, ज्याला ते हाक मिलिक म्हणतात, फक्त त्यांच्या नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाला वापराचा हक्क किंवा भाडेपट्टा मिळतो, वापराचा हक्क तीस वर्षं, मग वीस, मग तीस अशी वाढ, आणि त्यालाही तिथे राहायची कायदेशीर परवानगी लागते. कंपनी काढून बांधकामाचा हक्क घेता येतो पण तो मोठ्या भांडवलाचा खेळ आहे. आणि एजंट जो सल्ला सर्रास देतात, की गावातल्या कोणाच्या नावावर घ्या आणि बाजूला एक करार करून ठेवा, तो तर अजिबात करू नका. परदेशी माणसाकडे मालकी जाईल असा कुठलाही आडवळणाचा व्यवहार त्याच कायद्यात रद्द ठरवलाय, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे या भागातली बरीच जमीन एका माणसाची नसतेच. इथल्या मांगाराई लोकांची पद्धत बघायची असेल तर परतीला रुतेंगच्या वाटेवर चांचारजवळ थांबा, टेकडीवर चढा, खाली कोळ्याच्या जाळ्यासारखी भातशेती दिसते. त्याला लिंगको म्हणतात. मधे एक बिंदू, तिथे खुंट रोवायचा आणि तिथून बाहेर रुंदावत जाणाऱ्या पट्ट्या कुटुंबांना वाटायच्या. वाटणारा माणूस ठरलेला असतो, त्याला तुआ तेनो म्हणतात, आणि माप बोटांच्या रुंदीवर, घराण्याचा मान आणि गरज बघून. मधे बोटभर फरक पडला की बाहेरच्या कडेला तो केवढा होतो ते वरून बघताना लगेच कळतं. जमीन गावाच्या मुख्य, ढोलाच्या घराशी जोडलेली, घर कुळाचं, म्हणून जमीनही कुळाची. मग एखादा "मी मालक आहे, विकतो" म्हणाला तरी त्याच्या मागे चुलते, भाऊ, कुळातले वडीलधारे सगळे उभे असतात, आणि त्यांना विचारायलाच हवं.

लाबुआन बाजोत काय झालंय ते डोळ्यांनी दिसतं. मासेमारीचं छोटं बंदर होतं, सरकारने पर्यटनासाठी खास निवडलेल्या जागांमध्ये घेतलं, मे २०२३ मध्ये आसियानची शिखर परिषद तिथे भरली, आणि किनाऱ्याला हॉटेलांची रांग. जमिनीचे भाव चढले, सोबत भांडणंही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, समुद्र दिसणारी वाडी विकून त्याच वाडीवर रखवालदार झालेली माणसं आपण पाहिली आहेत. आपल्या महाराष्ट्रातही शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, तो कायदा का आहे हे आपल्याला कळतं, मग तिथल्या लोकांनी स्वतःची जमीन सांभाळली तर त्यात वाईट काय. वाए रेबोत बाहेरच्या कोणाचं हॉटेल नाही म्हणून ते गाव तसं आहे. पाहुणे म्हणून जा, पैसे द्या, प्लॉट विचारू नका. आमच्यासमोर एका पर्यटकाने गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

गावातल्या रोजच्या आयुष्याबद्दल थोडं, कारण फोटोत ते येत नाही. शाळेच्या दिवसांत गाव शांत वाटतं, कारण वर शाळा नाही, मुलं खालच्या वस्तीत, कोंबोला राहून शिकतात. कुटुंबं अशी वर-खाली विभागलेली असतात. डॉक्टर खाली, बाजार खाली. आजारी माणसाला पाठीवर किंवा झोळीतून उतरवावं लागतं. म्हणून वेदनाशामक गोळ्या, बँडेज, ओआरएस जास्तीचे नेऊन गाईडकडे द्या, पण मुलांना चॉकलेटं वाटू नका, गाईडही तेच सांगतात, पोरं मग प्रत्येकाच्या मागे लागतात. गावकरी स्वतःचं मूळ सुमात्रा बेटावरच्या मिनांगकाबाऊ लोकांत सांगतात, मारो नावाचा पूर्वज समुद्रमार्गे येऊन फिरत फिरत इथे स्थिरावला म्हणे, आणि वाटेत उदमांजराने मदत केली म्हणून आजही इथे उदमांजर कोणी खात नाही. ही गोष्ट रात्री चुलीपाशी ऐकायला मिळते, पण गाईडला इंग्रजी बरं येत असेल तरच, त्यामुळे डेंगेला गाईड ठरवताना आधी पाच मिनिटं त्याच्याशी गप्पा मारून बघा.

रेटिंग द्यायचंच तर मुक्कामाला पाचपैकी साडेचार, जेवणाला साडेतीन, कॉफीला पूर्ण पाच, रस्त्याला दोन. दिवसात वर जाऊन लगेच उतरणारेही असतात, त्यांचा खर्च कमी होतो पण माझ्या मते ते सगळं चुकवतात, कारण दुपारची गर्दी उतरून गेली की गाव आपल्या कामाला लागतं, पोरं मैदानात व्हॉलीबॉल खेळतात, बायका कॉफी गोळा करतात आणि कोणीतरी तुम्हालाही निवडायला बसवतं.

मे ते ऑक्टोबर या काळात जा. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी पाहुण्यांचं घर गच्च भरतं, मधला वार धरा. नोव्हेंबरात पेंती नावाचा त्यांच्या नव्या वर्षाचा सण असतो, तेव्हा ढोल आणि चाबकाचा खेळ बघायला मिळतो पण पाऊसही सुरू झालेला असतो, ग्रिप असलेले बूट आणि जळवांसाठी मीठ बरोबर ठेवा.